रिसिव्हरमधली ओल

ही गोष्ट भर दुपारची आहे.

आधीच सांगतो. कारण भुताचं म्हटलं की लोकांना मिट्ट काळोख लागतो, ओसाड रस्ता लागतो... इथं त्यातलं काही नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. लख्ख पुसलेली फरशी. खिडकीतून थेट आत येणारं ऊन. खाली गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, तिथून दिवसभर ठोकाठोक ऐकू यायची. अशा घरात, गेल्या हिवाळ्यात, हे घडलं.

घडलं माझ्या मेहुण्याच्या बाबतीत, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाच्या. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. तो खोटं बोलतच नाही असं मी म्हणणार नाही. "उद्या नक्की येतो" हे तो गिऱ्हाइकांना रोज सांगतो. पण या बाबतीत त्यानं एक अक्षर वाढवलेलं नाही. उलट बरंच गाळलंय, असं मला वाटतं.

आणि जेवताना वाचू नका. खरंच सांगतो.

दादा प्लंबर आहे.

तुंबलेली मोरी, फुटलेला पाइप, वर आलेलं गटार... लोक नाकाला रुमाल लावून लांब उभे राहतात, तेव्हा हा कोपरापर्यंत हात आत घालून म्हणतो, "सापडलं." काय सापडलं ते तो सांगत नाही, कुणी विचारतही नाही. उघड्या चेंबरच्या काठावर बसून डबा खाताना मी त्याला पाहिलंय. वहिनी म्हणायची, "यांना देवानं नाक दिलंय ते नुसतं चष्मा अडकवायला."

किळस म्हणजे काय, हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं.

गेल्या हिवाळ्यापर्यंत.

त्याची एक मावशी आहे. आई लवकर गेल्यावर धाकटी, म्हणजे माझी बायको, आजीकडं राहिली आणि दादाला मावशीनंच वाढवलं, त्यामुळे त्याचा तिच्यावर फार जीव. मावशीला मूलबाळ नाही. नवरा होता, तो चार वर्षांपूर्वी छातीच्या आजारानं गेला. त्यांना दादा 'काका' म्हणायचा.

काका एका गोदामावर मॅनेजर होते. माणूस कसा होता, हे मावशीनं कधी तोंडानं सांगितलं नाही. पण दादा त्या घरात वाढलाय. त्याला एक गोष्ट पक्की आठवते.

काका दिवसभर गोदामातून घरी फोन करायचे.

काम काही नसायचं. फोन वाजायचा, आणि मावशी हातातलं टाकून धावायची. तिसरी रिंग व्हायच्या आत उचलायलाच हवा. का, ते दादाला कधी कळलं नाही... पण एकदा उशीर झाला होता, आणि त्या संध्याकाळी मावशीनं त्याला लवकर झोपायला पाठवलं होतं, एवढं आठवतं.

उचलल्यावर काका 'हॅलो' म्हणायचे नाहीत. आधी घसा खाकरायचे. तो आवाज शेजारी उभ्या असलेल्या दादालाही ऐकू यायचा. खोल छातीतून कफ वर ओढल्यासारखा. ख्र्र्र...

मग विचारायचे, "कोण आलं होतं?"

बस. रोज. दिवसातून कितीदा तरी.

मावशी म्हणायची, "कुणी नाही."

शेवटची दोन वर्षं काका अंथरुणाला खिळले होते. उशाला झाकणाचं भांडं. सतत उबळ, सतत बेडके. ते भांडं मावशी धुवायची. उशी पुसायची, हनुवटी पुसायची, आणि फोनही पुसायची, कारण पडल्या पडल्यासुद्धा ते रिसिव्हर तोंडाशी धरून गोदामातल्या लोकांवर ओरडायचे.

ते गेले. त्याच महिन्यात मावशीनं फोनची लाइन बंद करून टाकली.

आणि मग, दादा म्हणतो, मावशी हळूहळू उमलली. हाच शब्द वापरतो तो, प्लंबर असून. केस मानेपर्यंत कापले. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंबरोबर बागेत जायला लागली. दुपारी दार उघडं टाकून खुशाल झोपायची. एकदा तर दादा गेला तेव्हा ती आरशासमोर उभी राहून स्वतःशीच हसत होती. "काय गं?" म्हटल्यावर म्हणाली, "काही नाही रे. मान हलकी वाटते."

असं सगळं छान चाललेलं.

मग ती बाथरूममध्ये घसरून पडली.

मोबाईल बाहेरच्या खोलीत वाजत होता, आणि ही आत फरशीवर. अर्धा दिवस. हाड मोडलं नाही हे नशीब, पण कंबर धरली. मोबाईलचं आणि तिचं तसंही कधी जमलं नव्हतं. बोटांची कातडी इतकी कोरडी, की त्या काचेला तिचा स्पर्शच कळायचा नाही. उचलायला जायची तर कट व्हायचा. दादाला लावायला जायची तर भलत्यालाच लागायचा.

दादानं ठरवलं, मावशीला जुन्या पद्धतीचा घरचा फोन हवा. उशाशी राहील. मोठी बटनं, मोठी घंटा, उचलला की बोलायचं.

पण त्या भागातल्या जुन्या तारा कधीच काढून टाकलेल्या. मोबाईलच्या दुकानदारानं तोडगा सांगितला. एक छोटी डबी मिळते. तिच्यात मोबाईलचं सिम घालायचं, मागं साध्या फोनची वायर खोचायची. फोन तोच जुना, पण बोलणं चालतं मोबाईलवर. "म्हाताऱ्या माणसांसाठी फार लोक नेतात," तो म्हणाला. "घरात जुना फोन असेल ना? तोच लावा."

मावशीला विचारलं, तर ती म्हणाली, "तो कुठाय कुणास ठाऊक."

दादाला तो माळ्यावर सापडला. प्लॅस्टिकच्या पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी पिशवी, आणि वरून सुतळी. गाठ इतकी घट्ट की कापावी लागली. काळा, जड रिसिव्हरचा, बटनांचा फोन.

"नको रे राजा," मावशी म्हणाली. "घाण आहे तो."

"पुसून देतो की."

"पुसून जात नाही."

दादा हसला. घाण पुसून जात नाही, हे प्लंबरला कोण सांगतंय!

रिसिव्हरच्या बोलायच्या बाजूची जाळी आट्यांवर बसवलेली असते. त्यानं ती फिरवून काढली. आत पिवळट खपली धरलेली. काकांच्या तोंडची, इतक्या वर्षांची, वाळून कडक झालेली. त्यानं काडीनं खरवडली. स्पिरिटनं पुसली. भोकं एकेक करून मोकळी केली. त्याला काहीसुद्धा वाटलं नाही.

मग सिम डबीत घातलं, वायर खोचली, आणि आपल्या मोबाईलवरून फोन लावून पाहिला.

ट्रिंग ट्रिंग...

मावशी स्वयंपाकघरात होती. कंबर धरलेली, भिंतीला हात लावून चालणारी मावशी... ती धावत आली. ओल्या हातांनी. दुसऱ्या रिंगला रिसिव्हर तिच्या कानाला होता.

"बघ!" दादा म्हणाला. "कशी पळालीस! आता मला काळजी नाही."

मावशीनं रिसिव्हर ठेवला, आणि हात पुसत राहिली. कोरडे झाले तरी पुसत राहिली.

पहिले काही दिवस दादा खूश होता. कधीही लावा, मावशी दुसऱ्या रिंगला हजर. फक्त एक होतं... ती 'हॅलो' म्हणायच्या आधी पलीकडून खाकरल्याचा आवाज यायचा.

"मावशी, घसा धरलाय का?"

"नाही रे."

"औषध आणू?"

"नाही म्हटलं ना."

त्यानं सोडून दिलं.

मग एका दुपारी वहिनी मावशीला भेटून आली, ती आल्या आल्या साबणानं हात धुवायला लागली. एकदा धुतले, पुन्हा धुतले.

"काय झालं गं?"

"अहो, मावशींचा फोन. मी घरी लावायला म्हणून उचलला... तर तोंडाशी चिकट. बोटाला तार आली. आणि वास! खाता खाता बोलतात की काय त्या?"

"मी पुसलाय तो. चकाचक."

"मग येऊन बघा तुमचं चकाचक," वहिनी म्हणाली, आणि तिनं तिसऱ्यांदा साबण उचलला.

दादा दोन दिवसांनी गेला. मावशीचं बेसिनही तुंबलं होतं, तेही काम होतं.

दार बंद. पूर्वी ते कायम उघडं असायचं. बेल वाजवली, पुन्हा वाजवली. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "कोण?"

"अगं, मी!"

मावशीनं फटीतून पाहिलं. त्याला आत घेतलं, आणि लगेच कडी लावली. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, एक केस दिसत नव्हता.

"थंडी वाजते का?"

"हो," ती म्हणाली. खोलीत ऊन भरलेलं होतं.

दादा स्वयंपाकघरात जाऊन बेसिनखाली शिरला. उताणा झोपून पाइप सोडवत होता, तेवढ्यात बाहेर फोन वाजला.

ट्रिंग...

"घेते, घेते!" मावशी ओरडली. त्याला नाही. फोनला.

खालचं ठोकाठोकीचं दुकान नेमकं तेव्हा थांबलं होतं. त्यामुळे बेसिनखालून त्याला तिचा शब्द न् शब्द ऐकू आला.

"कुणी नाही... नाही, कुणीच नाही आलं... दूधवाला खालीच ठेवतो... हो, कडी लावलीय... बागेत? नाही हो, बंद केलं ते. कधीच..."

मग तिचा आवाज खाली गेला.

"केस... वाढतील. हळूहळू वाढतील. हो... चुकलं."

दादाच्या हातातला पाना तसाच राहिला.

तो बाहेर आला तेव्हा ती फोनपाशी उभी होती, मान खाली घालून.

"कोण होतं?"

"राँग नंबर."

"मावशी, मी इथं आत होतो. तू कुणी नाही का म्हणालीस?"



दादानं रिसिव्हर उचलला.

त्याच्या तळव्याला तो गरम लागला. कुणीतरी तासभर तोंडाशी धरल्यासारखा. जाळीच्या भोकाभोकात ओल होती. पाणी नव्हे, पाणी असतं तर त्याला कळलं असतं, जन्म पाण्यात गेलाय त्याचा. ती ओल घट्ट होती. पिवळसर. अंगठा लावला, तर उचलताना मागं तार लांबली... लांबली... आणि तुटून त्याच्याच मनगटावर पडली.

उबदार होती.

आणि वास. तुंबलेल्या गटाराला वास असतो, पण त्यात माणूस नसतो. हा माणसाचा वास होता. बंद खोलीचा, शिळ्या तोंडाचा, झाकणाच्या भांड्याचा.

त्यानं तोंड फिरवलं. आयुष्यात पहिल्यांदा.

त्यानं खिशातून फडकं काढलं, तर मावशीनं ते हळूच काढून घेतलं.

"दे. मी पुसते," ती म्हणाली. "मला सवय आहे."

आणि पुसायला लागली. एकेक भोक. चेहऱ्यावर काही नाही. नाक मुरडणं नाही, तोंड फिरवणं नाही.

दादा सांगतो, सगळ्यात जास्त शिसारी त्याला त्या क्षणी आली. त्या ओलीची नव्हे. ती ज्या सवयीनं पुसत होती, तिची.

बेसिन कसंबसं मोकळं करून तो निघाला, तर जिना उतरताना शिवणकामवाल्या बाईंनी त्याला थांबवलं.

"तुमच्या मावशीचं काय चाललंय हो? बागेत येत नाही. वर गेले तर दार उघडत नाही. आतूनच म्हणते, 'जा बाई, माझा फोन यायचाय.'"

"कुणाचा?"

"ते मी विचारलं. तर म्हणाली, 'हळू बोल, ऐकू जाईल.'"

दादा तिथूनच परत फिरला. एका दमात वर. मावशीनं दार उघडलं, तसा तो थेट फोनपाशी गेला.

"मी हा नेतो. आत्ता."

"नको रे." मावशीचा आवाज बारीक झाला. "त्यांना काय वाटेल?"

"कुणाला?"

तिनं नुसतं फोनकडं पाहिलं. तिला बोलायची गरजही नव्हती.

दादानं डबीची पिन भिंतीतून उपटली. हिरवा दिवा विझला. सिम काढून पाकिटात टाकलं. फोनची वायर डबीतून ओढून काढली, डबी हत्यारांच्या पिशवीत कोंबली. टेबलावर राहिला नुसता फोन. कशालाच न जोडलेला. वायरचं सुटं टोक दादाच्या बोटांत होतं.

तेव्हा तो वाजला.

ट्रिंग ट्रिंग...

वायरचं टोक त्याच्या हातात होतं. हे तो मला पुन्हा पुन्हा सांगतो. पुढची पारदर्शक टोपी, आतल्या तांब्याच्या बारीक तारा, सगळं त्याला दिसत होतं. हातात!

ट्रिंग ट्रिंग...

"घे!" मावशी म्हणाली. "घे रे, नाहीतर मला घेऊ दे. तिसरी होईल! राजा, तिसरी होईल!"

ती त्याला ढकलून पुढं यायला बघत होती. रुमाल सुटला होता. अर्धवट वाढलेले, कसेबसे मागं बांधलेले केस. डोळ्यांत जी भीती होती, ती त्यानं लहानपणी पाहिली होती, आणि तेव्हा तिचा अर्थ त्याला कळला नव्हता.

दादानं तिला एका हातानं अडवलं, आणि दुसऱ्या हातानं रिसिव्हर उचलून कानाला लावला.

काहीच नाही...

फोन कंपनीचा टोन नाही, खरखर नाही. पण पलीकडं कुणीतरी होतं. रिकाम्या खोलीची शांतता वेगळी असते आणि कुणी श्वास धरून बसलेल्या खोलीची वेगळी.

मग श्वास आला.

ओला. कानावर. रिसिव्हरमधून ऐकू येतो तसा नव्हे... कानाशी तोंड नेऊन सोडतात तसा. त्याच्या कानातले केस त्यानं हलले.

मग खाली, खूप खाली, काहीतरी सुटलं आणि वर यायला लागलं.

ख्र्र्र्र...

छातीतून. घशातून. जाड, लिबलिबीत, थांबत थांबत. ते संपेचना. आणि त्याच वेळी दादाच्या कानात ओल उतरली. गरम, बुळबुळीत. पाळीवरून आत. आत म्हणजे अगदी आत.

त्याला रिसिव्हर फेकायचा होता. हात हलेना.

मग विचारलं गेलं.

"कोण आलंय?"

'आलं होतं' नव्हे. आलंय.

माझा मेहुणा सहा फुटी गडी आहे. लोखंडी पाइप खांद्यावर टाकून चार मजले चढतो. त्या क्षणी त्याच्या तोंडून काय निघालं, हे सांगताना तो माझ्याकडं बघत नाही.

तो म्हणाला, "कुणी नाही."

बारीक आवाजात. पोरासारखं.

मावशीनं ते ऐकलं.

ती एकदम थांबली. ढकलाढकल थांबली, धाप थांबली. तिनं दादाच्या तोंडाकडं पाहिलं. दादा म्हणतो, आपल्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं असेल ते देव जाणे, पण तिचा चेहरा मात्र बदलत गेला. सावकाश. घाणेरडं काहीतरी पायाखाली आलंय, हे उशिरा कळावं तसा.

तिनं त्याच्या हातातून रिसिव्हर घेतला. कानाला लावला नाही. तोंडापासून लांब धरला, आणि स्वच्छ आवाजात म्हणाली,

"माझा भाचा आलाय. दार उघडं आहे. ज्याला यायचंय तो येईल."

आणि ठेवला.

खालून हातोड्याचे आवाज पुन्हा सुरू झाले.

फोन परत वाजला.

मावशी खुर्चीत बसली. हात मांडीवर. तिसरी रिंग झाली. चौथी झाली. मग ती किती झाली ते दादाला ठाऊक नाही. तो कान धरून भिंतीला टेकला होता. मावशी नुसती बसून होती. प्रत्येक रिंगला तिचे खांदे उडायचे, पण ती उठली नाही. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत फरशीवर उतरलं, तोवर तो वाजत होता.

मग मध्येच, रिंग अर्धी असताना, थांबला.

आणि रिसिव्हरच्या जाळीतून ते बाहेर यायला लागलं.

भोकाभोकातून. आधी थेंब, मग तारा, मग एक जाड, हिरवट-पिवळा ओघळ. फोनवरून टेबलावर. टेबलाच्या कडेला थांबला, फुगला, आणि पुसलेल्या फरशीवर टपकला. पच्... पच्...

मावशी बघत होती. सवयीनं तिचा हात फडक्याकडं गेला. फडक्याला लागला.

तिनं तो परत मांडीवर ठेवला.

"हे मी पुसणार नाही," ती म्हणाली.

दादा कसाबसा स्वयंपाकघरात पोचला, आणि थोड्या वेळापूर्वी स्वतःच मोकळ्या केलेल्या बेसिनमध्ये पोट रिकामं होईपर्यंत ओकला.

शेवटी ते सगळं त्यानंच पुसलं. तोंडाला फडकं बांधून, हातमोजे घालून. जो माणूस गटारात उघडा हात घालतो, तो. फोन पिशवीत घातला, पिशवी दुसऱ्या पिशवीत. गावाबाहेर जिथं कचरा जाळतात तिथं नेऊन आधी हातोड्यानं फोडला. रिसिव्हर फुटला तेव्हा आत...

इथं दादा थांबतो. फक्त एवढं म्हणतो, "भरलेला होता." आणि त्यात मिशीचे दोन पांढरे केस होते.

आगीत टाकल्यावर तो बराच वेळ जळत नव्हता. ओला होता ना.

ते सिम आता एका साध्या बटनांच्या मोबाईलमध्ये आहे. मावशीच्या गळ्यात असतो. वाजला तर कधी घेते, कधी घेत नाही. दोनदा-चारदा लावावा लागतो. केस पुन्हा कापलेत.

दादाचं मात्र बरं नाही. कान ओला राहतो, म्हणतो. दोन डॉक्टर झाले. कान स्वच्छ आहे, कोरडा आहे, असं दोघांनी सांगितलं. तरी तो बोलता बोलता रुमालाचं टोक कानात फिरवतो, आणि काढून बघतो. वहिनी म्हणते, जेवण अर्ध्यावर सोडतो. धंदा निम्म्यावर आलाय. मोरीचं काम आलं की "माणूस पाठवतो" म्हणतो.

एकच गोष्ट धरून तो सावरलाय. ते काकाच होते. जिवंतपणी जसे होते, तसेच मेल्यावरही होते. मावशीनं त्यांना उत्तर दिलं, फोन जळाला, विषय संपला. असं तो स्वतःला समजावतो, आणि मीही त्याला "हो, हो" म्हणतो.

पण मागच्या महिन्यात मी मावशीकडं गेलो होतो. एकटाच. ती खिडकीशी बसली होती, मजेत. मी मोठ्या धीरानं विषय काढला.

"मावशी, एक विचारू? गेल्या हिवाळ्यात काका त्या फोनवर आणखी काय बोलायचे?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी काहीतरी भलतंच बोललो, असं.

"ह्यांचा आवाज नव्हता तो," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"अरे, जन्म काढला मी त्या माणसाबरोबर. आवाज ओळखणार नाही का? तो दुसराच कुणीतरी होता. पहिल्या दिवसापासून."



"मग... तू उत्तरं का देत होतीस?"

मावशीनं खांदे उडवले. ती बाहेर बघत होती, खालच्या दुकानाकडं, रस्त्याकडं.

"विचारत होता ना कुणीतरी," ती म्हणाली.

हे मी दादाला अजून सांगितलेलं नाही.